गुन्हा आणि विचलन यांचे समाजशास्त्र: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्राच्या वर्गात हा विषय शिकवताना वर्षानुवर्षे तेच काही प्रश्न येत राहतात. त्यांतले काही परीक्षेचे असतात, काही वर्तमानपत्रातील एखादी बातमी वाचून विचारलेले असतात आणि काही थेट घरातून, गल्लीतून आलेले असतात. या पानावर ते एकत्र केले आहेत. क्रम पाठ्यपुस्तकाचा नाही आणि उत्तरांची लांबीही सारखी नाही, कारण सगळ्या प्रश्नांत सारखे सांगण्यासारखे नाही. सिद्धान्त बहुतेक युरोप-अमेरिकेतले आहेत. उदाहरणे मात्र शक्य तेथे सोलापूरची घेतली आहेत, कारण या शहराच्या इतिहासात या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम प्रत्यक्ष घडून गेलेला आहे.

गुन्हा आणि विचलन यांत नेमका फरक काय?

कायद्याने शिक्षापात्र ठरवलेले कृत्य म्हणजे गुन्हा. समाजाच्या प्रमाणकांना, म्हणजे कसे वागावे याविषयीच्या सर्वमान्य अपेक्षांना, सोडून असलेले आणि ज्यावर लोक नाराजी, टिंगल, बहिष्कार अशी काही प्रतिक्रिया देतात ते वर्तन म्हणजे विचलन. ही दोन वर्तुळे काही भागात एकमेकांवर येतात, पण पूर्ण जुळत नाहीत. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे मानकरी पांढरी बाराबंदी घालतात. तेथे कोणी टी-शर्ट घालून ध्वजाला खांदा द्यायला आला तर कोणताही कायदा मोडत नाही, पण आजूबाजूच्या माणसांच्या नजरा त्याला लगेच जागेवर आणतील. याउलट हेल्मेटविना दुचाकी चालवणारा रोज कायदा मोडतो, पण त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

सीमारेषा हलतही राहते. भारतात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध 6 सप्टेंबर 2018 पर्यंत कलम 377 खाली गुन्हा होते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते गुन्हा उरले नाहीत, पण अनेक घरांत विचलन मात्र राहिले. महाराष्ट्रातले उलट्या दिशेचे उदाहरण अधिक बोलके आहे. जातपंचायत आंतरजातीय विवाह करणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकत असे, म्हणजे विचलनाला शिक्षा देत असे. 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने ही शिक्षा देणारी पंचायतच गुन्हेगार ठरवली.

माणूस जन्मतःच गुन्हेगार असू शकतो का?

इटलीचा डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसो याने 1876 मध्ये तसे मांडले होते आणि कवटी, जबडा, कान यांच्या ठेवणीत गुन्हेगारी शोधली होती. त्याची मापे नंतरच्या तपासणीत टिकली नाहीत. परंतु भारतातील इंग्रज सरकारने त्याच्याही पाच वर्षे आधी, 1871 मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा करून अधिक मोठी झेप घेतली होती: जसा विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असे गृहीत धरून संपूर्ण जमातीच गुन्हेगार म्हणून नोंदवण्यात आल्या. हातमागांच्या शहरात राहणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद ऐकताना क्षणभर पटल्यासारखा वाटतो, आणि तेथेच त्याचा धोका आहे. विणकराचा मुलगा माग शिकतो तो घरात माग असतो म्हणून, रक्तात असतो म्हणून नव्हे. आणि त्याला वेगळी शाळा, वेगळे काम मिळाले की तो मागाकडे फिरकतही नाही. सोलापूरच्या पूर्व भागात हे दोन-तीन पिढ्यांत घडलेले आपण पाहिले आहे.

गुन्हा समाजाला उपयुक्त असतो असे दुर्खीम म्हणाला, हे खरे आहे का?

त्याचे म्हणणे थोडे वेगळे होते आणि परीक्षेत ते चुकीचे लिहिले जाते. एमिल दुर्खीमने 1895 मध्ये असे मांडले की गुन्हा ही ‘सामान्य’ बाब आहे, म्हणजे गुन्हा नसलेला एकही समाज दाखवता येत नाही. संतांचाच एखादा मठ कल्पिला तरी तेथे आपल्या दृष्टीने क्षुल्लक असलेली चूक मोठा अपराध ठरेल, कारण जेथे प्रमाणक आहे तेथे त्याचा भंग आहे. गुन्हेगाराला शिक्षा झाली की बाकीचे लोक एकत्र येऊन संतापतात आणि आपण कोणत्या गोष्टी मानतो याची स्वतःला पुन्हा आठवण करून देतात. याचा अर्थ प्रत्येक चोरी चांगली असा नाही. प्रमाण फार वाढले तर ते रोगाचे लक्षण, असेही तो म्हणतो.

त्याच्या मांडणीतला सर्वांत धारदार भाग पुढे आहे. काही वेळा आजचा गुन्हा उद्याच्या नीतीची पूर्वतयारी असतो. त्याने सॉक्रेटिसचे उदाहरण दिले, जो अथेन्सच्या कायद्याने गुन्हेगारच होता. सोलापूरकराला अथेन्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. मे 1930 मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर शहरात उठाव झाला, गोळीबार झाला, लोकांनी पोलीस चौकी व न्यायालय पेटवले आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. त्या काळात तिरंगा बाळगणे हे शिक्षेचे कारण होते. दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या दिवशीच्या सरकारी कागदावर ते खुनी होते. आज त्यांचे पुतळे शहराच्या मध्यभागी आहेत आणि शाळांच्या मुलांना तेथे अभिवादनासाठी नेतात. फाशीची नोंद आणि पुतळा यांच्यामध्ये त्यांच्या कृत्यात काहीही बदललेले नाही. नियम करणारा बदलला. हे एवढे नीट लक्षात आले तर पुढचे अर्धे सिद्धान्त सोपे जातात.

दुर्खीमची प्रमाणकशून्यता आणि मर्टनची प्रमाणकशून्यता एकच का?

शब्द एक, आशय दोन. दुर्खीमच्या मते समाजात झपाट्याने बदल झाला, मग तो मंदीचा असो वा अचानक आलेल्या श्रीमंतीचा, की माणसाच्या इच्छांना लगाम घालणारे नियम ढिले पडतात आणि किती मिळाले म्हणजे पुरे हेच कळेनासे होते. रॉबर्ट मर्टनने 1938 मध्ये ही कल्पना अमेरिकेला लावताना तिचा रोख बदलला. त्याच्या मते समाज सर्वांना एकच ध्येय दाखवतो, पैसा आणि प्रतिष्ठा. पण तेथे पोहोचण्याचे मान्य मार्ग सर्वांना सारखे उपलब्ध नसतात. या तुटीशी माणसे पाच प्रकारे जुळवून घेतात: ध्येय आणि मार्ग दोन्ही स्वीकारणारी अनुरूपता, ध्येय स्वीकारून मार्ग बदलणारे नवप्रवर्तन, ध्येय सोडून मार्गालाच चिकटणारा कर्मकांडवाद, दोन्ही सोडणारा पलायनवाद, आणि दोन्ही नाकारून नवी घडी मागणारी बंडखोरी.

सोलापुरात पाचही प्रकारांची माणसे एकाच गिरणीच्या बंद फाटकासमोर उभी करून दाखवता येतील. गिरणी बंद पडल्यावर रिक्षा घेऊन नेटाने संसार करणारा; मटक्याच्या चिठ्ठ्या घेऊ लागलेला; पगार वाढणार नाही हे माहीत असूनही कारकुनी वेळेवर करत राहिलेला; दारूत बुडालेला; आणि लाल बावटा खांद्यावर घेऊन मोर्चात गेलेला. यांतला दुसराच तेवढा पोलिसांच्या नोंदीत येतो.

नवप्रवर्तनाचे आणखी स्पष्ट उदाहरण सोलापूरभोवतीच्या काही तांड्यांवर चालणाऱ्या हातभट्टीचे. अनेक वर्षे धाडी पडत, भट्टी फोडली जाई आणि काही दिवसांत ती पुन्हा पेटे, कारण धाडीने मार्ग बंद होत होता, ध्येय तसेच राहत होते. 2021 मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले, त्यात धाडींच्या जोडीला अधिकाऱ्यांनी गावे दत्तक घेणे, समुपदेशन आणि शिवणकामासारखी पर्यायी कामे मिळवून देणे हे भाग होते. एका पोलीस उपक्रमाने मर्टन न वाचता मर्टनची चाचणी घेतली, असे मी वर्गात म्हणतो. मर्टनवरचा आक्षेपही येथेच मांडायला हवा: पैशासाठी होणारे गुन्हे त्याला समजावता येतात, पण दारू पिऊन घरी बायकोला मारणारा कोणते ध्येय कोणत्या मार्गाने गाठतो, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. शिवाय सगळ्यांना एकच ध्येय मान्य असते हे त्याचे गृहीतकही तपासूनच घ्यावे लागते.

काही वस्त्यांमध्येच गुन्हे जास्त का दिसतात?

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी शिकागोच्या बालन्यायालयांच्या नोंदी 1900 ते 1933 या काळातील तीन टप्प्यांत नकाशावर मांडल्या आणि 1942 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्यापारी मध्यवस्तीला लागून असलेल्या, कारखान्यांच्या छायेतील, सतत भाडेकरू बदलणाऱ्या पट्ट्यात बालगुन्हेगारीचे प्रमाण सर्वाधिक होते. हे अपेक्षितच होते. अनपेक्षित ते पुढचे: त्या पट्ट्यात आधी जर्मन आणि आयरिश होते, मग पोलिश आणि इटालियन आले, रहिवासी पुरते बदलले, तरी प्रमाण तसेच राहिले, आणि जे बाहेर पडून बऱ्या वस्तीत गेले त्यांच्या मुलांमधील गुन्हेगारी कमी झाली. दोष वंशाचा नव्हता, जागेच्या परिस्थितीचा होता. याला सामाजिक विघटनाचा सिद्धान्त म्हणतात. सोलापुरात ज्या काळी गुन्हेगार जमाती कायद्याखाली संपूर्ण जमातींना कुंपणात टाकले जात होते, त्याच काळात शिकागोच्या नकाशावर त्या विचाराचा पाया ढासळत होता.

दारिद्र्य आणि स्थलांतर आले की विघटन येतेच, असा अर्थ मात्र काढू नये. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात शाळा, मंदिरे, सहकारी संस्था आणि ज्ञातिसंस्था उभ्या केल्या; पैसा फारसा नव्हता, पण शेजाऱ्याच्या मुलाला रागावण्याचा हक्क शेजाऱ्याकडे राहिला. विघटन मोजायचे ते याच हक्काने.

‘संगतीने बिघडला’ असे आई-वडील म्हणतात. त्याला शास्त्रीय आधार आहे का?

आहे, पण तो या वाक्यापेक्षा बारीक आहे. एडविन सदरलँडने विभेदक साहचर्याचा सिद्धान्त 1939 मध्ये मांडला आणि 1947 मध्ये त्याला नऊ विधानांचे अंतिम रूप दिले. गुन्हेगारी वर्तन शिकले जाते, जवळच्या माणसांकडून शिकले जाते, आणि शिकताना माणूस केवळ कुलूप कसे उघडायचे हे तंत्र शिकत नाही. ते उघडणे योग्य का, ही कारणेही शिकतो. कायदा मोडण्यास अनुकूल अर्थ प्रतिकूल अर्थांपेक्षा जास्त झाले की तोल जातो. संगतीची वारंवारता, कालावधी, ती कोणत्या वयात लागली आणि किती उत्कट होती, या चारही गोष्टी मोजायच्या असतात. म्हणूनच गुन्हेगारांबरोबर आयुष्य काढणारा तुरुंगाचा शिपाई गुन्हेगार होत नाही.

घरच्यांना ऐकायला आवडत नाही असा याचा एक परिणाम आहे: संगत घरातलीही असू शकते. वीज मीटरमध्ये फेरफार करून ‘सगळेच करतात’ असे म्हणणारे वडील मुलाला अनुकूल अर्थ शिकवतच असतात.

उपसंस्कृतीचा सिद्धान्त यापासून वेगळा कसा?

अल्बर्ट कोहेनने 1955 मध्ये विचारले की कामगारवर्गातली मुले बिनफायद्याची मोडतोड का करतात. त्याचे उत्तर असे की शाळेच्या मध्यमवर्गीय मापात जी मुले कमी पडतात ती आपसांत दुसरे माप तयार करतात, ज्यात शाळेने निषिद्ध मानलेली गोष्टच प्रतिष्ठेची ठरते. रिचर्ड क्लोवर्ड आणि लॉइड ओहलिन यांनी 1960 मध्ये भर घातली की बेकायदा मार्गसुद्धा सर्वांना खुला नसतो. मटक्याच्या धंद्यातही ओळख लागते. परीक्षेसाठी एवढे पुरेसे आहे. एक सावधगिरी: या पानावर तीन कोहेन येतात, त्यांची सरमिसळ करू नये.

लेबलिंगचा सिद्धान्त काय सांगतो, आणि त्यासाठी सेटलमेंटचे उदाहरण नेहमी का दिले जाते?

हॉवर्ड बेकरने 1963 मध्ये सांगितले की विचलन हा कृत्याचा अंगभूत गुण नसतो. इतरांनी नियम लावून एखाद्यावर मारलेल्या शिक्क्याचा तो परिणाम असतो. त्याआधी 1951 मध्ये एडविन लेमर्टने दोन टप्पे वेगळे केले होते. पहिली चूक कोणाच्याही हातून, कोणत्याही कारणाने होते. ते प्राथमिक विचलन. पण त्या चुकीवरून समाज माणसाला ‘चोर’ म्हणू लागला, काम देईनासा झाला, आणि मग त्या वागणुकीला तोंड देताना तो खरोखरच त्या भूमिकेत स्थिरावला, तर ते दुय्यम विचलन. समाजाला खरी चिंता असते ती या दुसऱ्याची, आणि ते घडवण्यात समाजाचाच हात असतो.

बेकर आणि लेमर्ट व्यक्तींबद्दल बोलत होते. सोलापुरात हा शिक्का कायद्याने, सरकारी नोंदवहीत, संपूर्ण जमातींवर मारला गेला. गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती 1911 मध्ये वाढवण्यात आली आणि मुंबई इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची सेटलमेंट ही त्यांतली एक मोठी वसाहत. तिचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट आदी समाजांतील कुटुंबे तारेच्या कुंपणात ठेवली गेली. बोटांचे ठसे, रोजची हजेरी, बाहेर जायचे तर पास. त्यांतील अनेकांना शहराच्या कापडगिरण्यांत कामाला पाठवले जाई, म्हणजे जे ‘मुळात कष्ट न करणारे’ म्हणून कोंडले होते त्यांच्याच कष्टावर साचे चालत होते. हजेरी चुकणे हाच गुन्हा असल्यामुळे चोरी न करताही माणूस शिक्षेस पात्र होई आणि ती शिक्षा पुन्हा त्याच्या जमातीच्या गुन्हेगारीचा पुरावा म्हणून नोंदली जाई. लेमर्टच्या सिद्धान्ताला यापेक्षा नेमके उदाहरण मला कोणत्याही पाश्चात्त्य पुस्तकात सापडलेले नाही. ज्यांची ‘वर्तणूक चांगली’ त्यांना कुंपणाबाहेरच्या फ्री कॉलनीत जागा मिळे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही पत्त्यात लिहिले जाते, आणि त्यातल्या ‘फ्री’चा अर्थ लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतो.

मुंबई प्रांताने हा कायदा 1949 मध्ये रद्द केला, देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पंडित नेहरू 1960 मध्ये सोलापुरात आले तेव्हा त्यांच्या हस्ते सेटलमेंटचे कुंपण तोडण्यात आले. तार गेली, पण 1959 मध्येच सराईत गुन्हेगारांविषयीचा मुंबईचा कायदा आलेला होता. नव्या कायद्याच्या शब्दांत जमात नाही, व्यक्ती आहे. व्यवहारात संशयाची यादी पुष्कळदा जुन्याच वस्त्यांपासून सुरू होत राहिली. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके ज्याचे अध्यक्ष होते त्या राष्ट्रीय आयोगाने 2008 च्या अहवालात विमुक्त व भटक्या समाजांच्या या स्थितीची नोंद केली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलींतील जातिभेद रद्द करताना विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवले. 1952 ते 2024 हे अंतर 72 वर्षांचे आहे. शिक्का कायद्याने मारता येतो, पण कायद्याने लगेच पुसता येत नाही, हे या अंतरावरून मोजता येते.

मग लेबलिंगवर आक्षेप काहीच नाहीत का?

आहेत, आणि ते गंभीर आहेत. पहिली चूक का झाली हे हा सिद्धान्त सांगत नाही. शिक्का बसूनही बहुसंख्य विमुक्त कुटुंबांनी कष्टाने, शिक्षणाने वेगळे आयुष्य उभे केले, म्हणजे शिक्का म्हणजे विधिलिखित नव्हे. शिवाय ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांना ‘गुन्हा हा केवळ शिक्का आहे’ असे सांगता येणार नाही; मृत्यू हा कोणाच्या व्याख्येवर अवलंबून नसतो.

अफवेवरून जमाव माणसे मारतो. त्याला कोणता सिद्धान्त लावावा?

स्टॅनली कोहेन, म्हणजे दुसरा कोहेन, याने 1972 मध्ये नैतिक घबराटीची कल्पना मांडली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावांत 1964 मध्ये तरुणांच्या दोन गटांत किरकोळ मारामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी त्या फुगवल्या, भीती वाढली, पोलीस कडक झाले आणि त्यातून आणखी अटका व आणखी बातम्या निर्माण झाल्या. एका गटाला सगळ्या भीतीचे मूर्त रूप बनवले जाते, याला तो ‘लोकसैतान’ अशा अर्थाचा शब्द वापरतो.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मोबाईलवर फिरणारी अफवा ही घबराटीची नवी यंत्रणा झाली. पण बाजाराच्या गर्दीत संशयाने नेमकी याच माणसांना का निवडले, याचे उत्तर मोबाईलमध्ये नाही, सेटलमेंटविषयीच्या वरच्या उत्तरात आहे.

श्रीमंतांच्या गुन्ह्यांविषयी समाजशास्त्र काय म्हणते?

येथे पुन्हा सदरलँड. 1939 च्या आपल्या अध्यक्षीय भाषणात त्याने पांढरपेशा गुन्ह्यांची संकल्पना मांडली आणि 1949 मध्ये अमेरिकेतील 70 मोठ्या कंपन्यांनी केलेल्या कायदेभंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खटल्याच्या भीतीने प्रकाशकाने कंपन्यांची नावे गाळली. नावांसह आवृत्ती 1983 मध्ये निघाली. अभ्यासाचे नशीबच त्याचा निष्कर्ष सिद्ध करते.

मार्क्सवादी परंपरा आणखी मागे, कायदा करणाऱ्यापर्यंत जाते. डच अभ्यासक विलेम बोंगरने विसाव्या शतकाच्या आरंभी भांडवलशाही स्पर्धा आणि गुन्हा यांचे नाते मांडले. इयान टेलर, पॉल वॉल्टन आणि जॉक यंग यांनी 1973 मध्ये त्याला नवे रूप दिले. त्याच वर्षी विल्यम चॅम्ब्लिसने एकाच शाळेतल्या मुलांच्या दोन टोळ्यांचा अभ्यास मांडला. दोघींच्या खोड्या जवळपास सारख्या होत्या, पण बऱ्या घरच्या मुलांकडे मोटार असल्याने ती गावाबाहेर जाऊन उनाडक्या करत, पकडल्यावर नम्रपणे बोलत आणि ‘सज्जन’ राहत. गरीब मुले चौकात उभी असल्याने पोलिसांच्या डोळ्यांसमोर असत.

सोलापुरातले उदाहरण विडीचे घ्या. कामगार स्त्रीने वळून आणलेल्या विड्यांतून निकृष्ट म्हणून किती विड्या नाकारता येतात यावर विडी कामगारांसाठीच्या 1966 च्या कायद्याखालील नियमांनी मर्यादा घातली होती. ती ओलांडून विड्या बाजूला काढल्या आणि त्यांची मजुरी दिली नाही, तर ते कामगार खात्याकडच्या तक्रारीचे प्रकरण होते. त्याच स्त्रीने कारखान्यातून एक पुडा तेंदूपत्ता पदरात लपवून आणला तर ते चोरीचे प्रकरण होते आणि पोलीस येतात. दोन्हीकडे दुसऱ्याचे घेतलेच आहे. पतसंस्था बुडवून हजारो लोकांच्या ठेवी गिळणाऱ्यांसाठी महाराष्ट्राला 1999 मध्ये ठेवीदारांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनही जुना फौजदारी कायदा कोणत्या चोराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला होता याचा अंदाज येतो.

मार्क्सवादी मांडणीची मर्यादा मात्र नजरेआड करू नये. गरिबाच्या घरातला दागिना बहुधा गरीब वस्तीतलाच चोर नेतो, आणि त्या स्त्रीला वर्गसंघर्षाचे विश्लेषण नको असते, दागिना हवा असतो. हेच ओळखून 1980 च्या दशकात जॉन ली आणि जॉक यंग यांनी गरिबांवर होणाऱ्या गुन्ह्यांकडे गांभीर्याने पाहणारा डावा वास्तववाद मांडला.

बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत?

हा उलटा प्रश्न ट्रॅव्हिस हर्शीने 1969 मध्ये विचारला. त्याने चार बंध सांगितले: माणसांविषयीची ओढ, आयुष्यात गुंतवलेली प्रतिष्ठा, कामात गुंतून राहणे आणि नियमांवरील विश्वास. ‘आईला काय वाटेल’ हा मराठी घरातला विचार पहिल्या बंधात मोडतो.

याला पूरक म्हणून ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांचा 1957 चा लेख वाचावा. नियम मानणारी माणसेच नियम मोडताना स्वतःची समजूत घालतात: माझा नाइलाज होता, कोणाचे नुकसान झाले नाही, त्याला हे हवेच होते, बोलणारे तरी कुठे स्वच्छ आहेत, मित्रासाठी केले. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडून ही पाचही वाक्ये पाच मिनिटांत ऐकता येतात.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत पाकीटमारी वाढते, म्हणजे त्या दिवसांत लोक बिघडतात का?

नाही. लॉरेन्स कोहेन, हा तिसरा, आणि मार्कस फेल्सन यांनी 1979 मध्ये सांगितले की गुन्हा घडायला इच्छुक गुन्हेगार, सोयीचे लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळाव्या लागतात. गड्ड्यावरची गर्दी किंवा आषाढीला पंढरपुरातील दर्शनबारी हे तिन्ही जुळवून देते. दिवे, कॅमेरे आणि बंदोबस्त वाढवणे हा उपाय याच विचारातून येतो. तो उपयोगी आहे, पण इच्छुक गुन्हेगार मुळात कोठून आला हे तो विचारत नाही.

स्त्रिया या सिद्धान्तांत कोठे आहेत?

बराच काळ कोठेच नव्हत्या. वर नावे आली ते जवळपास सर्व अभ्यासक पुरुषांच्या, त्यातही तरुण मुलांच्या, वर्तनाविषयी लिहीत होते. 1976 मध्ये कॅरल स्मार्टने या उणिवेची सविस्तर चिकित्सा केली. भारतातील कैद्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे 4 टक्के आहे. ते एवढे कमी का, हा प्रश्नच कोणत्याही सिद्धान्ताची चांगली परीक्षा घेतो. दारिद्र्याने गुन्हा होत असेल तर सर्वांत गरीब असलेल्या विधवा, परित्यक्ता आणि विडी कामगार स्त्रियांचे प्रमाण सर्वाधिक असायला हवे होते. फ्रान्सेस हायडेन्सोनने 1985 मध्ये दिलेले उत्तर असे की स्त्रीवर घर, शेजार आणि कामाची जागा तिन्हीकडे एवढे नियंत्रण असते की संधीच कमी उरते. आपल्याकडे रात्री आठनंतर मुलगा बाहेर असेल तर काळजी करतात आणि मुलगी बाहेर असेल तर चौकशी करतात.

पोलिसांच्या आकडेवारीवर कितपत विसंबावे?

ती गुन्ह्यांची मोजणी नसून नोंदींची मोजणी आहे, एवढे लक्षात ठेवून विसंबावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात एका घटनेत अनेक गुन्हे असतील तर त्यांतला सर्वांत गंभीरच मोजला जातो. काळोखात राहणारा आकडा किती मोठा असतो हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते: दर दहांतील सुमारे तीन विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या सुमारे 14 टक्केच होत्या. एखाद्या ठाण्यात नोंदी वाढल्या तर गुन्हे वाढले असतील, किंवा तक्रार घेणारी अधिकारी बरी आली असेल. सोलापुरात शहर आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस यांची आकडेवारी वेगळी असते, ती एकमेकांत मिसळून तुलना करण्याची चूक प्रकल्पांत नेहमी दिसते.

गुन्ह्याची सामाजिक कारणे सांगणे म्हणजे गुन्हेगाराची बाजू घेणे नव्हे का?

कॉलरा दूषित पाण्याने होतो असे सांगणारा कॉलऱ्याची बाजू घेत नाही. न्यायालयाला या माणसाने हे केले का, हे ठरवायचे असते. समाजशास्त्राला अशी माणसे या काळात, या जागी एवढ्या संख्येने का दिसतात, हे विचारायचे असते. जबाबदारी ठरवण्याचे काम न्यायालयाचेच राहते.

सोलापुरात या विषयावर लहान प्रकल्प करायचा असेल तर सुरुवात कोठून करावी?

सर्वप्रथम हे टाळावे: वही घेऊन सेटलमेंटमध्ये किंवा एखाद्या तांड्यावर जाऊन ‘तुमच्यात गुन्हे का होतात’ असे विचारणे. तो प्रश्न म्हणजे हजेरीच आहे, फक्त घेणारा बदललेला. त्याऐवजी न्यायालयाच्या आवारात आठवडाभर बसून जामिनासाठी कोण कोणाला घेऊन येते, कोणाला जामीनदार मिळत नाही, याची निरीक्षणे लिहावीत. किंवा आपल्याच गल्लीत महिनाभरात ज्या ज्या वर्तनावर लोक नाराज झाले त्याची नोंद ठेवावी, आणि त्यांतले किती प्रकार कायद्याने गुन्हा होते व किती नव्हते हे तपासावे. माणसांची नावे बदलावीत आणि घराचा क्रमांक लिहू नये. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने दुसरा पर्याय निवडला होता. तिच्या यादीतल्या बहुतेक नोंदी मुलींचे कपडे, मोबाईल आणि घरी येण्याची वेळ यांविषयी होत्या, आणि वीजचोरीवर महिनाभरात एकही माणूस नाराज झालेला नव्हता.